बद्द वाजणारा दगड

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, या कार्टीच्या पायाला भिंगरी बांधलीय. आता नवरा तेच जरा सभ्य भाषेत म्हणतो. मीटिंगमध्ये मी पेन वाजवते, सिग्नलला स्टिअरिंग वाजवते, मुलीचा पेपर असला की घरभर फेऱ्या मारते. माझी नोकरीही तशीच मिळाली. रविवारी पहाटे मस्कतजवळच्या सीबच्या घरातून निघायचं, सोहार गाठायचं, गुरुवारी दुपारी परत फिरायचं. मधले दिवस सोहारच्या मागच्या डोंगरात, संगमरवराच्या खाणीत. शुक्रवारी कुणाच्या तरी घरी बुद्धवंदना असते, तिथे डोळे मिटून बसले तरी माझ्या डोक्यात लोडर फिरत असतो.

मी भूगर्भशास्त्र शिकले. खाणीतला कुठला ठोकळा सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात लाद्या कापायला पाठवायचा आणि कुठला फोडून खडी करायची, हे मी ठरवते. निदान कागदावर तरी मी ठरवते. खरं ठरवायचा तो चाचा.

चाचा रायगडचा, खाडीकाठच्या एका गावचा. तीसेक वर्षं याच डोंगरात. मेंदी लावलेली दाढी, डोक्याला गुंडाळलेला पंचा, हातात लहानसा हातोडा. हुद्दा फोरमनचा, पण त्याचं मुख्य काम दगड वाजवण्याचं. खाणीत तारेच्या करवतीने डोंगर कापत गेलं की तीन मजली सरळ भिंत उभी राहते. दिवसा ती तापते, रात्री थंड पडते आणि आतल्या आत कुठेतरी एखादा पापुद्रा सुटतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून रोज सकाळी माणसं भिंतीखाली जाण्याआधी कुणीतरी हातोड्याने ती वाजवत जायचं. आवाज खणखणीत आला तर खाली जा. बद्द आला तर आधी मशीनने तो भाग पाडायचा, मग जायचं. बाजारात माठ घेताना आई टिचकी मारून बघायची, तेच. फरक एवढाच की माठ फुटका निघाला तर पाणी गळतं आणि इथे दोनशे किलोचा पापुद्रा माणसावर येतो.

पहिल्या वर्षी माझं कुणी ऐकायचं नाही. करवतीवरची बारा माणसं राजस्थानची, पिढ्यान्‌पिढ्या दगडात घालवलेली. मी म्हणायचे, इथे तडा आहे. ते मान डोलवायचे आणि चाचाकडे बघायचे. चाचाने मान हलवली की काम थांबायचं. मला राग यायचा, पण तो चाचावर टिकायचा नाही, कारण त्याने मला सगळं शिकवलं. "बाय, डोले मिट," तो म्हणायचा. "दगूड बोलतो. आपून गप रवला पायजे." डोळे मिटायचे, एका हाताने हातोडा मारायचा, दुसरा तळवा दगडावर सपाट ठेवायचा. जे कानाला कळत नाही ते कधीकधी तळव्याला कळतं. गप्प राहणं मला जमायला दोन वर्षं लागली.

गेल्या हिवाळ्यात एकदा लोडर पिप् पिप् करत मागे येत होता आणि चाचा त्याच्या वाटेत उभा. हलेना. मी बाहीला धरून त्याला ओढलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लोडरकडे, आणि हसून म्हणाला, "ध्यान नव्हता." मीही हसले. पण त्यानंतर माझं लक्ष राहायला लागलं. चहा हवा का विचारलं तर तो गाडी आल्याचं सांगायचा. पाठीमागून हाक मारली तर वळायचा नाही. आणि मग एका सकाळी त्याने भिंत वाजवली. मला स्पष्ट बद्द ऐकू आलं आणि तो म्हणाला, "चांगला हाय."

"चाचा, परत एकदा," मी म्हटलं.

त्याने पुन्हा हातोडा मारला. या वेळी दगडाकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत. मग म्हणाला, "नाय. बद्द हाय." माणसं मागे सरली, मशीनने तो भाग पाडला, कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. आणि मला कळलंय हे त्याला कळलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. चाचाला सुट्टीवर जायला आवडत नसे. गावात त्याला सगळे मस्कतवाला म्हणायचे, दोन दिवस विचारपूस करायचे आणि नंतर तो ओट्यावर एकटाच बसून राहायचा. इथे मात्र त्याने तोंड उघडल्याशिवाय बारा माणसं पाऊल पुढे टाकत नव्हती. ते कान गेल्याच्या एका कागदाने संपलं असतं. हे झालं त्याचं कारण. माझं कारण याहून कमी चांगलं होतं. माझं जे काही नाव झालं होतं, मॅडमने निवडलेला ठोकळा कारखान्यात कधी फुटत नाही वगैरे, ते त्याच्या कानावर झालं होतं. तो गेला तर त्या बारा माणसांसमोर मी एकटी उरणार होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावलं.

मग कंपनीची कानांची वार्षिक तपासणी आली. कारखान्यात एका खोलीत काचेची छोटी केबिन मांडली होती. आत बसायचं, हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. चाचा आत होता, मी पुढच्या नंबरला बाहेर खुर्चीवर. तपासणारा माणूस चाचाकडे पाठ करून मशीनवर बसलेला. प्रत्येक आवाजाबरोबर त्याच्या मशीनवर एक लहान हिरवा दिवा लागत होता. तो मला दिसत होता. आणि काचेतून मी चाचाला दिसत होते.

माझ्या हातात पेन होतं. मी ते नेहमीसारखं गुडघ्यावर वाजवत होते. आधी नुसतंच. मग दिवा लागला की. चाचाने माझ्या हाताकडे पाहिलं आणि बटण दाबलं. पुन्हा दिवा, पुन्हा पेन, पुन्हा बटण. मी सतत काहीतरी वाजवत असते हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. चाचा पास झाला. बाहेर आल्यावर तो सरळ गाडीकडे गेला आणि मी आत जाऊन बसले.

तिथून माझा हात दगडाखाली सापडला. रोज सकाळी मी त्याच्या शेजारी उभी राहायचे. तो वाजवायचा, माझ्याकडे बघायचा. मी किंचित मान हलवायचे, मग तो मोठ्याने निकाल सांगायचा. कान माझा, तोंड त्याचं. बारा माणसं निर्धास्त भिंतीखाली जायची. एकदाही चूक झाली नाही, पण मला झोप लागेनाशी झाली. गुरुवारी मी सीबला निघाले की शनिवारी सकाळचा विचार डोक्यात. शनिवारी खाण चालू, मी घरी. मग मी युक्ती काढली: गुरुवारी दुपारीच चाचाकडून भिंत वाजवून घ्यायची, पक्क्या भागाभोवती लाल खुणा करायच्या आणि शनिवारी तेवढ्याच भागात काम, असा लेखी नियम करायचा. नियम चांगलाच होता. दोन रात्रींत भिंत बदलू शकते हे मला माहीत होतं, तरी मी तो केला. शनिवारी दर तासाला मी फोन तपासायचे. नवरा म्हणायचा, "अगं, डोंगर कुठे पळून जातोय का?"

त्याच सुमारास मुलीला शाळेत प्रकल्प मिळाला. ती अकरावीत, इतिहास घेतलेला. विषय, रोमन साम्राज्यातल्या एका प्रांताची अर्थव्यवस्था. तिने इजिप्त घेतला आणि त्यातही वाळवंटातल्या दगडाच्या खाणी, आई खाणीत असल्याचा तेवढाच फायदा. व्हिडिओ कॉलवर ती तिच्या मोडक्या मराठीत सांगायची, "मम्मा, तिकडे पाणीच नव्हतं. डेझर्ट. सगळं बाहेरून आणायचे. कुणाला किती वॉटर द्यायचं त्याच्या लिस्ट सापडल्यात, फुटलेल्या पॉटच्या पीसवर."

मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या खाणीत सकाळी आधी पाण्याचा टँकर येतो, मगच काम सुरू होतं. मी तिला म्हटलं, तुझ्या तक्त्यात नुसता खांब आणि राजवाडा काढू नकोस. विहीर खणणारा काढ, गाढवांचा चारा काढ, छिन्न्यांना धार लावणारा लोहार, दोरखंड वळणारा, नदीपर्यंतचा रस्ता, रस्त्यावरची चौकी, जहाज. आमच्या खाणीवर टायरवाला जगतो, चहाची टपरी जगते, लेथवाला, ट्रकवाले पठाण, सोहारच्या बंदरावरची माणसं जगतात. दगड सगळ्यात शेवटी विकला जातो. तिने ते सगळं बाण काढून मांडलं. मध्ये खाण आणि चहूकडे बाण. मला तो तक्ता फार आवडला, तसं मी तिला सांगितलंही.

मग तिने एक फोटो दाखवला. त्या वाळवंटातल्या खाणीत एक प्रचंड खांब आजही आडवा पडून आहे. घडवून जवळजवळ पुरा झालेला आणि तडा गेलेला. "इतकं काम केल्यावर क्रॅक कसा काय कळला? आधी नाही कळला?" तिने विचारलं.

"कळला असणार," मी फटकन म्हणाले. "कुणीतरी वाजवून बघितलं असणार, त्याला माहीत असणार, आणि तो गप्प बसला असणार." मी असं उगाच ठोकून देते, पुरावा बिरावा काही नसतो. तिने "ओके" म्हणून लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हललेसुद्धा नाही. माझ्या बाबतीत ही काळजीचीच गोष्ट.

प्रकल्पांचं प्रदर्शन नेमकं बुधवारी सकाळी होतं. नाही म्हटलं असतं तर मुलीने वर्षभर ऐकवलं असतं, आणि ते बरोबरच होतं. पण त्याच आठवड्यात जहाज लागणार होतं, दोन मोठे ठोकळे गुरुवारपर्यंत बंदरावर हवे होते आणि ते ज्या भिंतीतून काढायचे ती मंगळवारीच नव्याने कापून झालेली. मंगळवारी संध्याकाळी सीबला निघण्याआधी मी चाचाला बाजूला घेतलं. तोंडासमोर तोंड नेऊन, ओठ नीट हलवत म्हटलं, "उद्या वाजवू नका. तब्येत बरी नाही सांगा. मी दुपारी येते, मग बघू." आमच्यात ही गोष्ट शब्दांत आलेली ती पहिलीच वेळ. चाचा खाली बघत म्हणाला, "इन्शाल्ला." इन्शाल्लाचा अर्थ हो की नाही, हे मला इथल्या चौदा वर्षांत समजलेलं नाही.

बुधवारी शाळेच्या हॉलमध्ये मी खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. चाचा वाजवेल, असं मला वाटत होतं. बारा माणसं समोर उभी, जहाजाची घाई, तीस वर्षांची इज्जत. कुठला माणूस म्हणेल की आज नको? तो तळवा दगडावर ठेवेल, काहीतरी जाणवल्यासारखं करेल, चांगला हाय म्हणेल. आणि ते खाली जातील, कारण त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा हे मीच पेन वाजवून पक्कं केलं होतं.

मुलीचा नंबर आला. बाई आणि दोन परीक्षक तिच्या तक्त्यासमोर. तिने इंग्रजीत छान समजावलं, पाणी, धान्य, रस्ते, जहाजं. मग त्या पडलेल्या खांबाच्या फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, माझी आई खाणीतच काम करते. ती म्हणते, कुणीतरी हा दगड वाजवला होता, त्याला तडा आहे हे कळलं होतं आणि तो कुणालाच बोलला नाही. परीक्षक हसून माझ्याकडे वळले, वा, काय दृष्टी, असं काहीतरी.

मी व्हरांड्यात आले आणि लोडरवाल्या पठाणाला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. "नीचे से सब आदमी हटाओ," मी ओरडलेच. "अभी के अभी. चाचा को सुनाई नहीं देता. एक साल हो गया. वो कुछ भी बोले, मत मानो."

तो अगदी शांतपणे म्हणाला, "ठीक है मैडम. आप टेन्शन मत लो. आराम से आओ." आणि फोन ठेवला.

त्या शांतपणाने माझा जीव आणखीच टांगणीला लागला. हा मला खुळी समजला की काय? मी मुलीला सांगितलं, मला जावंच लागेल. ती "ओके मम्मा" म्हणाली आणि तक्त्याची टाचणी नीट करायला वळली. मी तिला धड शाबासकीही दिली नाही. सोहारपर्यंतचे दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. वाटेत मी चाचाला मनातल्या मनात दहादा मेलेलं पाहिलं आणि वीसदा शिव्या घातल्या. स्वतःला घातल्या त्याची गणती नाही.

खाणीवर पोचले तेव्हा सगळं थंड होतं. भिंतीसमोर दोरी बांधलेली, खाली कुणी नाही. बारा माणसं पत्र्याच्या शेडमध्ये जेवत होती. चाचा एका बाजूला पिंपावर बसला होता. माझ्या जिवात जीव आला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुमी फोन केलाव म्हने," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"मी तर सकालीच सांगलाय त्यांना. सगल्यांना बोलावला आनी सांगला, मना ऐकाला येत नाय. बाय ऐकते, मी बोलतो."

"का?" मी विचारलं.

"हातोडा उचललेला. मारनार होतो, झूट कशाला बोलू. बाजूला बगितला तर तुमी नाय. मंग कोनाकरं बगू?" त्याने डोक्याचा पंचा सोडून पुन्हा गुंडाळला. "आयला, म्हटला, वरीसभर दगूड नाय वाजवला मी. बायचा तोंडच बगत रायलो."

"ते काय म्हणाले?"

"काय म्हननार? चाय पाजली."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. वर्षभर मी मिरवत होते की मी याचं गुपित जपतेय, याला सांभाळतेय. एकदाही त्याला विचारलं नव्हतं की, चाचा, तुम्हाला काय करायचंय? जे त्याने बारा माणसांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तेच मी दोनशे किलोमीटरवरून त्याच्या पाठीमागे ओरडून सांगितलं, आणि वर म्हटलं, त्याचं मानू नका. पठाण शांत का होता ते आता कळलं. मी तिथेच दगडावर बसून रडले. चाचाने रडू दिलं.

त्या संध्याकाळी मी सुरक्षा विभागाला मेल केला, पेनाची गोष्टही लिहिली. चाचा नको नको म्हणत होता, तुमचा नाव कशाला. मला ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती. त्याची पुन्हा तपासणी झाली, या वेळी बाहेर खुर्चीवर कुणी नव्हतं, आणि करार संपल्यावर तो गावी गेला. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी भिंत अजून तशीच उभी होती आणि जहाज लागलेलं होतं.

जेवण उरकल्यावर चाचा उठला आणि मला म्हणाला, "वाजवा." मी त्याला बरोबर चला म्हटलं. तो दोरीपाशीच थांबला. मी एकटी पुढे गेले. डोळे मिटले, तळवा दगडावर ठेवला. उजवीकडून सुरुवात केली. खणखणीत. पुढे खणखणीत. मधला सगळा भाग स्वच्छ, ऐकतच राहावं असा. डाव्या कोपऱ्यात, पिवळसर शिरेच्या खाली, माझा हात थांबला. पुन्हा मारला. मला वाटलं, बद्द आहे. मग वाटलं, भीतीने तसं वाटतंय. शेजारी बघायची सवय मलाही लागली होती हे तेव्हा लक्षात आलं. इतके महिने मी आवाज ऐकत होते, पण तो चाचाच्या तोंडून बाहेर पडला की मगच मला खरा वाटायचा.

मी मागे आले आणि म्हटलं, "बायाँ कोना बद्द है. पहले वो गिराओ."

बारा माणसं चाचाकडे वळली. सवयच ती. सकाळी त्याने स्वतः सांगितलं होतं तरी वळली. चाचाने भिंतीकडे पाठ केली.

"मेरी तरफ क्या देखता है?" तो म्हणाला. "मेरे को तो कुछ सुना नहीं. मैडम को पूछो."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी हललं नाही. मी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने, आणि पठाणाने ताट खाली ठेवून मशीनची वाट धरली.